रोजची एक चूक

सिद्रामप्पा सरांच्या घरात अख्खा मुळा कधी शिजला नाही. हे माझं म्हणणं नाही, त्यांच्या बायकोचं, नीलक्काचं आहे. "पिशवी भरून आणतेत मंडईतून, आन् सांजच्याला घरला काय येतंय? निस्ती भोकं," असं ती म्हणायची. मुळा मधून कोरलेला, दुधी मधून कोरलेला, बटाट्याला सुद्धा आरपार भोक. नीलक्का मुकाट्यानं त्या चकत्यांची भाजी टाकायची. आणि जेवताना सर ताटातली मुळ्याची एक चकती बोटात अंगठीसारखी घालून तिच्याकडं टक लावून बघायचे, म्हणे. "मला सोन्याची अंगठी केली असती तर तिच्याकडं बघत बसले नसते एवढं," हे नीलक्काचं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं.

बिदरकडच्या चिटगुप्प्याच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं डिग्री कॉलेज आहे. तिथं सर गणित शिकवायचे आणि मी मराठी शिकवते. शिकवते म्हणायचं आपलं. एके काळी मराठीच्या वर्गात पोरं खिडकीत बसायची. आता ऐच्छिक मराठीला पोरगं मिळालं तर मिळालं, नाहीतर मी स्टाफरूममध्ये बसून ऑनलाइन हजेरी भरते. ती हजेरी कधी वर चढत नाही. लाइट गेलेली असते, आणि आली तर नेट गेलेलं असतं. दुपारी पत्रे तापले की पदरानं वारा घेत बसायचं आणि घड्याळाकडं बघायचं, हेच माझं अध्यापन. कंटाळा आलाय म्हणायचाही कंटाळा आलाय आता.

तर स्टाफरूम आणि गणिताचा वर्ग यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही वरपर्यंत गेलेली नाही. त्यामुळं नोकरीची सगळी वर्षं मी सिद्रामप्पा सरांचं गणित ऐकत आले. काही कळलं असं नाही. पण काही काही तास असे पाठ झाले की झोपेतही म्हणून दाखवीन.

"हे बगा, ह्यो मुळा हाय," इथून सुरुवात. "सुरीनं पातळ पातळ चकत्या कापल्या. एका चकतीचं क्षेत्रफळ काढलं, जाडीनं गुणलं, आन् सगळ्या चकत्या मिळवल्या. मुळ्याचं घनफळ निघालं. ह्यालाच इंटिग्रेशन म्हणतेत. घाबरायचं काम न्हाई. आयतु?"

आयतु म्हणजे कानडीत झालं. दर वाक्यामागं सरांचा हा प्रश्न असायचा आणि पोरं एका सुरात "आयतु सर" म्हणायची.

"आता मुळ्याला मधून भोक पाडलं. चकतीचं काय झालं? कडं झालं. मोठ्या वर्तुळातून बारकं वर्तुळ गेलं. मोठी त्रिज्या पाच, बारकी तीन. पाचाचा वर्ग पंचवीस, तीनाचा वर्ग नऊ. पंचवीसातून नऊ गेले, सोळा राहिले. सोळा गुणिले पाय. आता तुमच्यातलं कुणीतरी लई शानं असतंय. ते आधी वजाबाकी करतंय. पाचातून तीन गेले दोन, दोनाचा वर्ग चार. सोळाच्या जागी चार! मग माझ्या मुळ्यातले बारा कुणी खाल्ले रे?"

पोरं हसायची. दरवर्षी नवी पोरं, त्यामुळं दरवर्षी हसायची. मी तेवढी भिंतीपलीकडं जुनी. "आधी वर्ग, मग वजाबाकी," हे इतकं कानात बसलं होतं की एकदा मी माझ्याच वर्गात अलंकार शिकवताना तसं बोलून गेले. नशीब, वर्गात दोनच पोरी होत्या आणि दोघी मोबाइल बघत होत्या.

सर दिसायला साधे. पांढरा शर्ट, त्याच्या आत गळ्यात लिंगाची करडी म्हणजे चांदीची डबी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. दुपारपर्यंत विभूती कुठली आणि खडूची धूळ कुठली ते ओळखू यायचं नाही. डस्टर त्यांना कधी सापडला नाही. तळहातानं फळा पुसायचे आणि तोच हात विचार करताना कपाळाला लावायचे. खिशात छोटी सुरी, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भाज्या. कुठंही गेले तरी आधी भोक असलेली वस्तू शोधायचे. लग्नात नवरीचे चुडे बघतील, रस्त्यात ट्रकचं टायर बघतील. एकदा त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याला मी गेले होते, तिथं पाहुणे मानपानावरून तणतणत होते आणि सर ओसरीवरच्या जात्याशी बसून त्याच्या भोकात बोट घालून माप घेत होते. मी म्हटलं, "सर, उठा, तिकडं लग्न मोडायलंय." तर म्हणाले, "मोडत न्हाई ओ अक्का. जातं बगा आधी, खालची पाळ अखंड आन् वरचीला भोक. दोनी पाळ्यांचं गणित येगळं." लग्न मोडलं नाही हेही खरं.

सर तीन भाषांत शिकवायचे. पुस्तक इंग्रजीत, पोरं कुठली मराठी शाळेतून आलेली, कुठली कानडी, कुठली उर्दू. मुळा अडला की त्याच दमात मुल्लंगी म्हणायचे, कांद्याला उळ्ळागड्डी म्हणायचे, आणि मागच्या बाकावरच्या पोराला "क्या समझा सो बोल बाबा, नक्को शरमाव" म्हणून उठवायचे. कांदा त्यांना दुसऱ्या रीतीसाठी लागायचा. काही आकारांच्या चकत्या कापत बसणं अवघड पडतं, तिथं एकात एक असलेले पापुद्रे सोलायचे आणि त्यांची बेरीज करायची. त्याला ते कांद्याची रीत म्हणायचे. पुस्तकात त्याला काही वेगळं नाव असेल. आमच्याकडं मुळ्याची रीत आणि कांद्याची रीत. कांद्याच्या तासाला भिंतीवरून वास यायचा आणि स्टाफरूममध्ये आम्ही डोळे पुसायचो.

पण सरांची खरी ओळख मुळा नव्हे, वडा.

रोज एका तासात सर फळ्यावर एक चूक मुद्दाम करायचे. चिन्ह उलटं घालायचे, नाहीतर सूत्रातला पाय खाऊन टाकायचे, नाहीतर वर्ग विसरायचे. जो पोरगा ती पकडेल त्याला गेटबाहेरच्या रेवणअण्णाच्या गाड्यावर एक उडदाचा वडा. आमची इकडची पोरं मास्तराला तोंडावर "तुमचं चुकलं" म्हणायची नाहीत. जीभच उचलत नाही त्यांची. म्हणून चूक दिसली की नुसतं "वडा, सर!" असं ओरडायचं. त्यात अपमान नाही, उलट मजा. भिंतीपलीकडून दिवसातून एकदा "वडा!" अशी आरोळी आली की मी समजायची, आजची चूक सापडली, आता चहाची वेळ झाली.

ही रीत का सुरू केली ते सरांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना खाली बघत होते. नोकरीला नवीन असताना एके दिवशी घाईत त्यांनी खरंच चूक केली. भोकाचंच गणित. आधी वजाबाकी केली आणि मग वर्ग. तो आकड्यांचा वर्ग चुकला, आणि इकडं समोरचा पोरांचा वर्ग चूप. सगळ्यांनी मान खाली घालून उतरवून घेतलं. परीक्षेत नेमकं तेच गणित आलं आणि सगळ्यांनी तीच चूक लिहिली, अगदी शब्दाला शब्द. तपासणाऱ्यांना वाटलं, सामुदायिक कॉपी. सगळ्यांचा निकाल अडकला. सर हेलपाटे घालघालून दमले, चूक माझी आहे म्हणून लिहून द्यायला तयार झाले, पण ऐकतो कोण! कुणाचं वर्ष गेलं, कुणी पुढं शिकलंच नाही. त्यातलं एक पोरगं सरांच्याच गावचं, मादन हिप्परग्याचं. गाव सोडून कामाला जाताना ते सरांना भेटायला आलं आणि म्हणालं, "सर, मला दिसलं होतं. पर तुमाला चुकलं कसं म्हणावं? म्हणून पेपरात बी तुमचंच लिहिलं."

"अक्का, त्ये माझ्या पाया पडलं ओ," सर मला म्हणाले. "वर्ष त्याचं गेलं, आन् पाया माझ्या पडलं."

त्यानंतर वडा सुरू झाला.

त्या वड्यापायी आमच्या प्राचार्यांच्या नाकी नऊ आले होते ती गोष्टही सांगायला हवी. कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती आली होती. आठवडाभर आम्ही फरशा धुतल्या, नसलेले कार्यक्रम आठवले, रांगोळ्या काढल्या. समितीतले एक मोठे साहेब गणिताच्या वर्गात जाऊन बसले. टेबलावर मुळे, कांदे आणि अर्धा कोरलेला भोपळा. साहेब म्हणाले, "स्मार्ट बोर्ड कुठं आहे?" सर म्हणाले, "हाय की. करंट न्हाई." मग सरांनी शिकवायला सुरुवात केली आणि पाहुणे आहेत म्हणून रोजचा नेम मोडतील कसे? त्यांनी ठरल्याप्रमाणे चूक केली. सगळा वर्ग एकदम ओरडला, "वडा!" साहेब दचकून उभे राहिले. प्राचार्य दारातच होते, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेबांना वाटलं, पोरं खायला मागतायत. पुढं अहवालात कॅन्टीनची सोय अपुरी असा शेरा आला, आणि प्राचार्य महिनाभर सरांशी बोलले नाहीत. सर मात्र म्हणायचे, "पाहुण्यांपुढं बी पोरं तोंड उघडली, अजून काय पायजे?"

पुढंपुढं मला काही काही दिसायला लागलं. दिसायला लागलं म्हणजे, आता मागं वळून बघताना ते जुळतं. एक दिवस सर कुंभाराकडून माती घेऊन आले. लिंबाएवढा एक गोळा आणि नारळाएवढा एक. म्हणाले, "अक्का, तुमी इश्वास ठेवणार न्हाई. दोन्हीला मधोमध भोक पाडायचं. लिंबाला बारकं, नारळाला मोठ्ठं. एवढंच बगायचं, की उरलेल्या कड्यांची उंची सारखी राहिली पायजे. मग दोन्हीत माती सारखीच उरतीय."

"काहीतरीच काय सर! नारळ केवढा, लिंबू केवढं."

"नारळाचा निस्ता पट्टा राहतोय बारीक. पर हिशेब तेवढाच. पृथ्वी आणा, तिला बी असं भोक पाडा, लिंबाएवढंच उरंल."

मी म्हटलं, "आमच्या मराठी विभागाला पाडलंय तसं भोक. काय उरलंय ते मी बसलेय समोर." ते हसले. मग केमिस्ट्रीच्या तराजूत दोन्ही कडी ठेवली तर एक पारडं खाली गेलं. सरांनी पुन्हा कोरलं, पुन्हा तोललं, तरी तेच. गणित खरं होतं, हे मला नंतर दुसऱ्या कॉलेजातल्या गणितवाल्यांनीही सांगितलं. पण सरांचा हात सरळ जात नव्हता. त्या दिवशी ते उरलेला सगळा वेळ खिडकीशी बसून होते.

मग रेवणअण्णा एकदा मला चहा देताना सहज म्हणाला, "म्याडम, सर आजकाल लई वडे द्यायलेत. तासाला दोन दोन, तीन तीन पोरं यायलीत. सरांची लाटरी लागली का काय?"

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी भिंतीकडं कान लावून बसले. एकदा "वडा!" झालं. थोड्या वेळानं पुन्हा झालं. मग तिसऱ्यांदा. दर वेळी सर हसून म्हणत होते, "शाब्बास, सापडली का? तुमच्यापुढं माझं काय चालतंय बाबा." पोरं हसत होती, सर हसत होते. मी मात्र इकडं बोटं मोजत होते.

त्यानंतर चार-आठ दिवसांनी असेल. दुपारी लाइट गेलेली, स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. सर माझ्यासमोर येऊन बसले आणि बराच वेळ हाताची धूळ झाडत राहिले.

"अक्का, रोजची एक चूक माझी," ते म्हणाले. "बाकीच्या कुणाच्या ते मला ठावं न्हाई."

कलबुर्गीला जाऊन आले होते. डोक्याचा फोटो काढला होता. डॉक्टरनं काही नाव सांगितलं होतं, ते सरांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, की हळूहळू जाईल, आणि आधी काय जाईल ते सांगता येत नाही. घरी फक्त नीलक्काला ठाऊक होतं.

"मग सोडून द्या की सर. रजा टाका. कामून जीव काढायलात?"

"सोडलं तर वर्ग कोण घेणार? आपल्याकडं जागा भरतेत का? पोरांचं ह्ये एकच सेमिस्टर राहिलंय. फळा मोकळा राहिला तर ती जाणार कुठं?" मग म्हणाले, "मला मरणाचं भ्या न्हाई ओ. भ्या त्येचंच वाटायलंय. मी चुकीन, आन् पोरं गप बसून लिहून घेतील, आन् तसंच पेपरात लिहितील. पुन्यांदा तसं झालं तर मी तोंड दाखवणार न्हाई कुणाला."

त्यांना माझ्याकडून काय हवं होतं? तर मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसावं आणि चुका धराव्यात. मी! जिला दुकानातली बेरीज दोनदा करावी लागते. मी म्हटलं, "सर, शुद्धलेखन असतं तर धरलं असतं. हे माझ्या बापजन्मात व्हायचं नाही."

"दुसऱ्या कुणाला सांगू? गणिताचं दुसरं कोण हाय हितं? आन् तुमी तर ऐकायलात की इतकी वर्सं."

त्या माणसानं कधी कुणाकडं काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं. मी हो म्हटलं. मग त्यांनी पिशवीतून मुळा काढला आणि म्हाताऱ्या विद्यार्थिनीला शिकवायला बसले. मुळ्याची रीत तेवढी मला समजली. मोठ्याचा वर्ग, बारक्याचा वर्ग, मग वजाबाकी. कांद्याच्या रीतीला मी हात टेकले. सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. घात मुळ्यातच होतोय."

अशी मी उतारवयात बी.एस्सी.च्या वर्गात जाऊन बसले. माझे गुडघे त्या बाकात मावत नव्हते. पोरांना सांगितलं, की मॅडमना गणिताची आवड उत्पन्न झाली आहे. पोरांनी ते खरं मानलं की नाही देव जाणे. माझ्या पुढच्या बाकावर भाग्यश्री बसायची. धनगराघरची पोर, बाप अजून मेंढरं राखतो, ही रोज दोन बस बदलून यायची. वर्गात सगळ्यांत जास्त वडे तिनं खाल्ले होते. सुरुवातीला कधी कधी ती मागं वळून मला हळूच म्हणायची, "म्याडम, सापडली का?" मी नाही म्हणून मान हलवायची. मग ती ओरडायची आणि सर हसायचे.

पण मग ओरडणं कमी झालं. आधी वाटलं, बरं झालं, सरांना जरा आराम पडला असेल. आठवडाभर रोज एकच वडा. मग दोन दिवस एकही नाही; मुद्दामची चूक करायचं सर विसरले असतील असं मी धरून चालले. सर तास संपल्यावर माझ्याकडं आशेनं बघायचे आणि विचारायचे, "आज ठीक होतं का ओ?" मला कळेल तेवढं ठीक होतं. मी तसं सांगायची. घरी जाऊन भाकरी थापताना मात्र हात थांबायचा. जे मला कळत नव्हतं त्याचं काय?

त्यानंतर लवकरच सर रजेवर गेले ते गेलेच. आता ते बिदरला मैलूरमध्ये लेकीकडं असतात. नीलक्काचा फोन येतो, खुशाली कळते. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या वर्गातच, आणि तो दिवस मला जसा आहे तसा आठवतो.

सरांनी फळ्यावर आकृती काढली. दोन वक्र, त्यांच्यामधली जागा रेघा मारून भरली, ती अक्षाभोवती फिरवायची. फिरवली की आतून पोकळ आकार तयार होतो. नेहमीचंच. मग त्यांनी कंस उघडला, मोठी त्रिज्या लिहिली, उणे लिहिलं, बारकी त्रिज्या लिहिली, कंस बंद केला, आणि कंसावर दोनचा आकडा टाकला.

मी बघतच राहिले. म्हटलं, ही आजची मुद्दामची असेल. आता कुणीतरी ओरडेल. सर पुढं गेले. दुसरी ओळ, तिसरी ओळ. कुणी ओरडेना. मी भाग्यश्रीकडं बघितलं, ती खाली मान घालून बसली होती. शेजारचा पोरगा खाली बघत होता. सगळाच वर्ग खाली बघत होता. आणि फळ्यावर सर उत्तराखाली रेघ मारत होते आणि विचारत होते, "आयतु?"

"आयतु सर," वर्ग म्हणाला.

मी हात वर केला. "वडा, सर," मी म्हटलं.

सर हसले. फळ्याकडं वळले. वरपासून खालपर्यंत बघितलं. पुन्हा वरपासून बघितलं. तळहात कपाळाला लावला. त्यांना ती सापडत नव्हती. इतकी वर्षं ज्या एका चुकीवर त्यांनी जीव टाकला ती समोर हातभर अक्षरात लिहिलेली होती, आणि ते तिच्यावरून नजर फिरवून पुढं जात होते. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"सर, आधी वर्ग," मी म्हटलं.

त्यांनी हातानं ती ओळ पुसली. खडू घेऊन तसेच उभे राहिले, मग वर्गाकडं वळले. "भाग्यश्री, ये. तू कर."

ती गेली आणि झरझर लिहून आली. बरोबर होतं. सरांनी तिच्या शेजारच्या पोराला उठवलं. त्यानं दुसऱ्या आकड्यांचं केलं, तेही बरोबर. आणखी एकाला उठवलं.

"म्हंजे सगळ्यांना येतंय," सर म्हणाले. "मग मघाशी दिसलं न्हाई?"

सर भाग्यश्रीकडं वळले.

"भाग्यश्री, दिसलं होतं?"

"व्हय सर."

"पेपरात काय लिहिणार होतीस?"

"बरोबर तेच, सर."

"मग मला कामून सांगितलं न्हाईस?"

ती रडायला लागली. "सर, सारखं सारखं वडा म्हणायला नको वाटायलंय. तुमाला वाईट वाटतंय, आमाला दिसतंय ओ."

किती दिवसांपासून पोरांना सरांचं कळलेलं होतं कोण जाणे. पोरांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं. सरांची चूक आपण मनातल्या मनात सुधारायची आणि "आयतु" म्हणायचं.

सर चिडलेले मी कधी पाहिले नव्हते, त्या दिवशी पाहिले. "मला वाईट वाटलं तर वाटू द्या की रे! मी बगून घेतो माझं. तुमी तोंड उघडायचं. म्हातारा हाय, आजारी हाय, कायबी असू द्या, तोंड उघडायचं. आयतु?"

कुणी उत्तर दिलं नाही.

"इच्यारायलोय मी. आयतु?"

"आयतु सर."

त्यांनी खडू भाग्यश्रीच्या हातात दिला. पुस्तकातलं पुढचं गणित तिला बोटानं दाखवलं. मग बाकांच्या मधून चालत मागं आले आणि मला म्हणाले, "जरा सरका अक्का." मी सरकले. ते माझ्या शेजारी बसले, हात मांडीवर ठेवून, पोरं बसतात तसे.

भाग्यश्री डोळे पुसत पुसत लिहीत होती. पुन्हा भोकाचंच गणित. मला येत होतं तेवढंच. तिनं शेवटची ओळ लिहिली, उत्तराखाली रेघ मारली आणि मागं वळली. "सर, बरोबर हाय?"

सगळा वर्ग मागं वळून सरांकडं बघायला लागला. सर फळ्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता, ओठ न हलवल्यासारखं करून, मला एकटीला ऐकू येईल असं त्यांनी विचारलं, "अक्का, बरोबर हाय का ओ?"

मी फळा वाचला. मोठ्याचा वर्ग. बारक्याचा वर्ग. मग वजाबाकी. मी मान डोलावली.

"बरोबर हाय," सर मोठ्यानं म्हणाले. "बस बाळा."